जाईबाईंच्या बंडीची तक्रार

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते. मी उशी नाही. पाठीला टेकायचा लोड नाही, बसायचं आसन नाही, आणि खुर्चीचा एक पाय आखूड आहे म्हणून खाली सरकवायची घडी तर मुळीच नाही. साठ वर्षं मी हे मनातल्या मनात सांगते आहे, आणि साठ वर्षं कुणी ना कुणी माझ्यावर बसलेलंच आहे.

मी एक जुनी बंडी आहे, बोटीवरची. बोट बुडायला लागली की माणसं जी अंगात घालतात आणि तरंगतात, ती. तुम्ही मला लाइफ जॅकेट म्हणाल. जिने मला वापरलं ती मात्र बंडीच म्हणते, कारण मला बाह्या नाहीत, पुढे बंद आहेत, आणि तिचे वडील तशीच बंडी घालायचे. तिचं नाव जाईबाई जाधव. ती आता शहाऐंशी वर्षांची आहे आणि न्यू जर्सीत, आयसेलिनला मुलाकडे राहते. मी तिला अहोजाहो करत नाही. आम्ही दोघी दोनदा एकाच पाण्यात होतो. त्यानंतर अहोजाहो राहत नाही.

माझा जन्म मुंबईत माझगावच्या गोदीजवळ एका कारखान्यात झाला. जाड खाकी कापडाचे आठ कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात सावरीचा कापूस. हा कापूस फार हलका. त्याचा प्रत्येक तंतू आतून पोकळ असतो आणि त्यात हवा असते, वर मेणासारखा थर असतो, म्हणून पाणी आत शिरत नाही. कारखान्यातल्या बायका तो हलक्या हाताने भरायच्या. मग मला टाकीत सोडून लोखंडी वजन बांधलं आणि एक दिवस एक रात्र तसंच ठेवलं. मी बुडाले नाही. माझ्या पाठीवर शिक्का बसला. आयुष्यात एवढं कौतुक पुन्हा झालं नाही.

पण सावरीच्या कापसाच्या आपल्याकडे उशा करतात, हे तुमच्या आजीला विचारा. इथेच माझं दैव फिरलं. आगबोटीच्या डेकवर झोपणारे आपले प्रवासी पहिल्याच दिवशी आम्हाला हाताने चाचपायचे आणि म्हणायचे, "अरे, ही तर सावरीची." झालं. त्या दिवसापासून आम्ही डोक्याखाली. पत्ते खेळताना बुडाखाली. साहेबलोकांनी आम्हाला कधी उशी केलं नाही, कारण त्यांना आमच्या पोटात काय आहे ते माहीत नव्हतं. आपल्या माणसांना माहीत होतं, म्हणून त्यांनी आमचं वाटोळं केलं. दाबलं की तंतू मोडतात, हवा निघून जाते. वरून बंडी दिसते तशीच दिसते. फक्त ती तरंगत नाही.

हे त्या बोटीवर एकाच व्यक्तीला कळत होतं.

जाईबाई नायगावच्या चाळीतली. वडील गोदीत मजूर. मॅट्रिक झाली, मग बायकांच्या इस्पितळात वॉर्डात काम केलं, आणि बाविसाव्या वर्षी आगबोटीवर स्ट्यूअर्डेस म्हणून लागली. बायका-मुलांच्या केबिनींची जबाबदारी तिच्याकडे. बिछाने घालायचे, तान्ह्यांना दूध गरम करून द्यायचं, आणि बोट लागलेल्या बायकांची डोकी धरायची. तिच्या एप्रनच्या एका खिशात लिंबू आणि आल्याचा तुकडा, दुसऱ्यात सेफ्टी पिना. रोज सकाळी चहाच्या आधी ती डेकवर फेरी मारायची आणि लोकांच्या डोक्याखालच्या बंड्या ओढून काढायची.

"उठा काका. उशी नाही ती."

"अहो बाई, आत्ता कुठे डोळा लागला."

"लागू दे. डोकं बोचक्यावर ठेवा."

मग ती प्रत्येक बंडी दोन्ही हातांनी दाबून बघायची. फुगून परत वर आली तर ठीक, नाही तर बाजूला काढून दुसरी द्यायची. कुणी तिला हे करायला सांगितलं नव्हतं. लोक तिला खाष्ट म्हणायचे.

आणखीही बरंच म्हणायचे. केबिनीत चहा घेऊन गेली की एखादी बाई कप हातात घ्यायच्या आधी विचारायची, "आडनाव काय तुमचं?"

"जाधव."

"कुठले जाधव?"

"बोटीवरचे."

एका बाईला हे उत्तर आवडलं नाही. तिने चौकशी करून घेतली आणि मग सगळा प्रवास जाईबाईच्या हातचा चहा परत पाठवला. नऊ दिवस. मी केबिनीच्या दारामागे खुंटीला असायचे आणि कप आत जाताना, तसाच भरलेला बाहेर येताना बघायचे. मला बोलता आलं असतं तर मी पुष्कळ बोलले असते. जाईबाई तो चहा पॅसेजमध्ये उभी राहून स्वतः प्यायची.

ही सोनावती नावाची बोट. मुंबईहून मोंबासाला निघालेली, साल एकोणीसशे सहासष्ट. दहाव्या दिवशी सकाळी बोट पाण्याखालच्या खडकावर चढली. मोठा आवाज वगैरे काही नाही. कपबशा एका बाजूला घसरल्या आणि परत आल्याच नाहीत.

त्या सकाळी जाईबाईने चाळीस बंड्या बांधल्या. प्रत्येकाला एकच वाक्य. "उडी मारताना हात छातीवर घडी करून बंडी खाली दाबून धरा, नाही तर ती हनुवटीवर आपटेल." निम्म्यांनी ऐकलं. शेवटी तिने मला घातलं आणि उडी मारली, आणि माझ्या आठही कप्प्यांनी तिला वर ढकललं. ते मला अजून अंगभर आठवतं.

पाण्यात तिच्याजवळ एक माणूस होता. विष्णू त्याचं नाव, सुतार, मोंबासाला कामाला चाललेला. त्याची बंडी त्याच्या डोक्याखालून जाईबाईने दोनदा ओढून काढली होती. तिसऱ्या दिवशी त्याला ताप होता. ती वाकली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, झोपू दे. त्यानंतरचे सात दिवस तिने ती काढली नाही, दाबूनही बघितली नाही. सकाळच्या त्या घाईत त्याने तीच बंडी बांधली आणि ती त्याच्यासकट खाली चालली. जाईबाईने त्याची कॉलर धरली. बराच वेळ धरली. मग तिचा हात बधिर झाला.

त्या बोटीवरचा तेवढा एक माणूस गेला. जाईबाईने हे पुढे कुणालाही सांगितलं नाही.

आम्ही बाकीच्यांनी बोटीवरून सोडलेल्या होडीत एक दिवस काढला. पिण्याचं पाणी जाईबाईकडे होतं आणि ती एकेकाला पत्र्याच्या पेल्याने देत होती. नऊ दिवस चहा परत पाठवणारी बाई त्याच पेल्याने प्यायली, आणि दुसऱ्यांदा हात पुढे केला. तेव्हा तिने आडनाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी एका मालवाहू बोटीने आम्हाला उचललं. जमीन दिसू लागली तशी ती बाई जाईबाईजवळ आली आणि म्हणाली, "पण तुम्ही शेवटी सांगितलं नाहीत, कुठले जाधव ते."

काय बोलावं अशा माणसांपुढे.

धक्क्यावर आमच्या बंड्यांचा ढीग करून जाळायचं ठरलं. जाईबाईने ढिगातून मला ओढून काढलं आणि ट्रंकेत घातलं. म्हणून पाच वर्षांनी, सिंगापूरच्या वाटेवर धुक्यात दुसरी बोट येऊन आमच्या कमलिनीला धडकली, तेव्हा मी होते. दुपारी तीनची वेळ. बोट सावकाश दोन तास बुडत होती, वेळ भरपूर होता. तरी एक बाई बंडीशिवाय डेकवर आली. तिने आपली बंडी लग्नाच्या साड्यांच्या सुटकेसला बांधली होती. मी खोटं सांगत नाही. जाईबाईने कंपनीने दिलेली स्वतःची बंडी तिला घातली आणि ट्रंकेतून मला काढलं. त्या दिवशी सगळे वाचले. सुटकेससुद्धा.

आणि याचं बक्षीस काय? खलाशी म्हणू लागले, ही बाई जिथे चढते ती बोट बुडते. अकरा वर्षांत तिने सत्तराहून जास्त फेऱ्या केल्या होत्या. दोन बोटी बुडाल्या, बाकीच्या सगळ्या सुखरूप पोचल्या. पोचलेल्या बोटींबद्दल कुणी काही म्हणत नाही. कंपनीतल्या एका साहेबांनी तिला गोड आवाजात सांगितलं, "तुम्ही आता किनाऱ्यावरच बऱ्या." तिने नोकरी सोडली. पुढे गोदीत काम करणाऱ्या भानुदासशी लग्न केलं, प्रफुल्ल झाला, आणि मला तिने शिवणाच्या मशीनपुढच्या स्टुलावर ठेवलं.

"तुझी ड्युटी संपली," ती म्हणाली, आणि बसली.

हो मित्रांनो, तीच जाईबाई. जिने हजार लोकांच्या बुडाखालून आम्हाला ओढून काढलं, ती स्वतः माझ्यावर बसली. चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. पहिल्या वर्षी मी फार चिडले. मग लक्षात आलं, तिला ठाऊक होतं ती काय करते आहे. मी आता पाण्यासाठी नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं. माझी खरी तक्रार पुढच्या लोकांबद्दल आहे. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही.

भानुदास गेल्यावर, बारा वर्षांपूर्वी, प्रफुल्ल आईला अमेरिकेला घेऊन आला. मी तिच्या बॅगेत होते. विमानतळावर अधिकाऱ्याने मला उचलून विचारलं, हे काय? प्रफुल्लने त्याला इंग्रजीत सांगितलं, आमच्या घरातली लकी वस्तू आहे, हिने माझ्या आईला दोन जहाजांतून वाचवलं. त्या दिवसापासून मी लकी झाले. तिकडे जाईबाई अपशकुनी, इकडे मी लकी, आणि दोन्हीकडे कुणी मला दाबून बघितलं नाही.

आयसेलिनच्या घरात मी मागच्या पोर्चमधल्या जाईबाईच्या खुर्चीवर असायचे. पाहुणे आले की प्रफुल्ल मला उचलून दाखवायचा, गोष्ट सांगायचा, पाहुणे माझ्याबरोबर सेल्फी काढायचे, आणि मग मला परत खुर्चीवर टाकून माझ्यावर बसायचे.

मग यंदाचा जून आला. महाराष्ट्र मंडळाची तलावावर पिकनिक ठरली, आणि तिथे 'आमच्या घरातली आठवण' असं एक टेबल मांडायचं ठरलं. कुणी आजीचा खलबत्ता आणणार, कुणी ग्रामोफोन. प्रफुल्लने माझं नाव दिलं. त्याची बायको अस्मिता मला वास घेऊन म्हणाली, "ईऽ, हे असं कसं नेणार," आणि मला वॉशिंग मशीनमध्ये टाकलं. मित्रांनो, साबणाने सावरीचा मेणाचा थर निघून जातो. चाळीस वर्षं ब्लाउज शिवणाऱ्या बाईखाली आणि बारा वर्षं खुर्चीवर काढून जे थोडंफार शिल्लक होतं, तेही पाऊण तासात गेलं. बाहेर आले ती पूर्वीपेक्षा देखणी. लव्हेंडरचा वास येत होता.

जाईबाई त्या दिवशी डॉक्टरकडे गेली होती. तिला काही कळलं नाही.

पिकनिकला शंभरेक माणसं होती. झाडाखाली टेबल, टेबलावर मी, शेजारी माइक. मंडळाची सेक्रेटरी देवयानी जाईबाईची मुलाखत घेत होती.

"काकू, बोट बुडत होती तेव्हा तुमच्या मनात काय आलं?"

"चाळीस बंड्या बांधायच्या होत्या. मनात काय येणार?"

"तरी पण, भीती?"

"होती ना. गाठी नीट बसल्यात की नाही याची."

लोक हसले. देवयानीचा चेहरा पडला. तिला डोळ्यांत पाणी हवं होतं.

एवढ्यात प्रफुल्लने मागून येऊन मला टेबलावरून उचललं. त्याची नऊ वर्षांची मुलगी, आन्या, कनूमधून फिरायला निघाली होती. कनू म्हणजे लांबट अरुंद होडी, वल्ह्यांची. भाड्याच्या खिडकीवरच्या मुलीने सगळ्यांना केशरी लाइफ जॅकेटं दिली होती, पण आन्याने तिचं नाकाजवळ नेऊन खाली टाकलं.

"डॅडी, इट स्मेल्स लाइक समबडीज सॉक्स."

"मग आजीचं घाल. दोन शिप्स बुडाल्या, पण ह्याने आजीला बुडू दिलं नाही. याच्यापेक्षा सेफ काय असणार?"

"इट्स लकी, राइट?"

"सुपर लकी."

त्याने मला तिच्या अंगात घातलं आणि बुटाच्या लेससारखी फुलाची गाठ मारली. त्याचा मित्र सत्यजित धक्क्यावर उभा होता, एका हातात फोन, दुसऱ्या हातात कनूचा दोर. "आन्या, हात वर कर. म्हण, माय आजीज लकी जॅकेट." आन्याने हात वर केले. मी तिच्या काखेतून वर सरकले. नीट बसणारी बंडी अशी सरकत नाही. खिडकीवरच्या मुलीने लांबून काहीतरी ओरडून सांगितलं. सत्यजितने तिला हात हलवून बाय केलं.

प्रफुल्ल पुढे, आन्या मागे, आणि कनू सुटली. दोर अजून सत्यजितच्या हातात होता, व्हिडिओ संपला की सोडणार होता. धक्क्यापासून चार हातांवर तळ दिसेनासा झाला. आन्या दोन उन्हाळे पोहायच्या क्लासला गेली होती, पण तिचा हात अजून पूलच्या कडेवरून सुटत नव्हता. ती पाण्यात पडली तर मी काय करणार, हे मला ठाऊक होतं. मी पाणी पिणार होते. आठही कप्पे भरून घेणार होते आणि तिच्या छातीवर बसून तिला खाली नेणार होते. आणि तिच्या बापाला वाटणार होतं, लकी जॅकेट आहे, आत्ता वर येईल.

मला घसा नाही. त्या दिवसाइतकी याची चीड मला कधी आली नव्हती.

झाडाखाली जाईबाईने पाणी प्यायला मान वळवली आणि टेबल बघितलं.

"माझी बंडी कुठाय?"

"प्रफुल्ल घेऊन गेला, काकू. फोटोला," देवयानी म्हणाली. "तर मी काय विचारत होते, त्या अनुभवाने तुम्हाला काय शिकवलं?"

जाईबाईने माइक तिच्या हातात दिला, काठी घेतली आणि उतारावरून निघाली. दोन्ही गुडघे बदललेली बाई. मी कनूतून तिला येताना बघत होते. ती धक्क्यावर पोचली, फळ्यांवरच्या दोरावर पाय ठेवला, आणि मग बोलली.

"प्रफुल्ल, मागे ये."

"आई, पाच मिनिटं. एक राउंड मारून येतो."

"मागे."

"सत्या, सांग ना यार तिला. सगळे बघतायत."

सत्यजितने आवाज मऊ केला. "काकू, नॅचरल आहे. तुम्हाला ते सगळं आठवत असणार. ट्रॉमा असतो तो. पण हा तलाव आहे, समुद्र नाही."

"विहिरीत पण बुडतात माणसं. दोर सोडू नकोस."

"पण काकू,"

"तुला ओढता येत नसेल तर माझ्या हातात दे."

सत्यजितने ओढला. कनू मागे आली. जाईबाईने वाकून गाठीचं एक टोक खेचलं, गाठ सुटली, मी आन्याच्या अंगावरून निघाले. मग तिने मुलीला धक्क्यावर घेतलं.

"ही गाठ आहे? लेस बांधलीस."

प्रफुल्ल लाल झाला होता. "आई, जॅकेट तुझंच आहे. तूच घातलं होतंस."

"चौपन्न वर्षांपूर्वी. त्यानंतर मी त्याच्यावर बसले. रोज."

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"तू लोकांना गोष्ट सांगत होतास, मी मधे कशाला बोलू? एकदा दाबून बघितलं असतंस तर कळलं असतं."

अस्मिता धावत आली होती. ती मधेच म्हणाली, "आई, पण मी परवाच धुतलं. जेंटल सायकलवर."

जाईबाईने डोळे मिटले. "साबणाने?"

"हो. लव्हेंडरचा."

"मग काही राहिलंच नाही."

"आई, तू एक्झॅजरेट करतेस," प्रफुल्ल म्हणाला. त्याच्या मागे पंचवीसेक माणसं जमली होती, आणि त्यातल्या निम्म्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं. म्हातारी घाबरली. जाईबाईने ते चेहरे बघितले. असे चेहरे तिने डेकवर रोज सकाळी बघितले होते.

"देवयानी, तुमचा तो पावभाजीचा तवा आण."

"तवा? काकू, भाजी अजून व्हायचीय."

"आण."

मंडळाचा तवा लोखंडी, पाच-सहा किलोंचा, दोन्ही हातांनी उचलायचा. जाईबाईने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माणूस पाण्यात गेला की एवढासुद्धा जड राहत नाही. चांगली बंडी हा तवा सहज पेलते." तिने आन्याने टाकलेलं केशरी जॅकेट तव्याच्या कड्यांना बांधलं, दोराचं टोक सत्यजितला दिलं आणि पाण्यात ढकललं. तवा बुडाला, केशरी जॅकेट थोडं दबलं आणि वर राहिलं. डुलत राहिलं.

"काढ. आता ही."

मला तव्यावर बांधताना तिने माझ्या आठही कप्प्यांवरून हात फिरवला. गाठ तिची होती, चौकोनी, पक्की. मग मी पाण्यात गेले.

मित्रांनो, मी प्रयत्न केला. खोटं का बोलू? सगळे बघत होते आणि मला पुन्हा एकदा तरंगून दाखवावंसं वाटलं. दोन-तीन श्वासांएवढा वेळ मी तरंगलेही. मग डावीकडचा खालचा कप्पा भरला, मग त्याच्या वरचा. मी हळू, तिरकी, अगदी शहाण्यासारखी खाली गेले. पाणी हिरवं झालं, मग तपकिरी. तळाला चिखल होता.

मग मला वर ओढलं. देवयानी हळूच म्हणाली, "तवा घासायला लागेल." प्रफुल्ल धक्क्यावर बसला होता. त्याने आन्याचा हात मनगटाला इतका घट्ट धरला होता की ती हात सोडवून घेत होती.

आन्या माझ्यातून गळणारं पाणी बघत होती. मग तिने आजीला विचारलं, "आजी, डिड समबडीज सिंक? फॉर रिअल?"

एकोणसाठ वर्षांत लोकांनी जाईबाईला पुष्कळ विचारलं होतं. भीती वाटली का, शार्क दिसले का, देव आठवला का. हे कुणी विचारलं नव्हतं. जाईबाई काठी टेकून मुलाशेजारी फळ्यांवर बसली आणि विष्णूबद्दल सांगितलं. ताप, तिसरा दिवस, झोपू दे म्हटलं ते. कॉलर. सरळ सांगितलं, बिछाना घालावा तसं. प्रफुल्लने आन्याचा हात सोडला.

"वॉज ही योर फ्रेंड?"

"नाही गं. पॅसेंजर होता. माझा."

"आई," प्रफुल्ल म्हणाला, "मला माहीतच नव्हतं."

"आता झालं ना माहीत."

थोड्या वेळाने आन्या उठली. सॉक्सच्या वासाचं ते केशरी जॅकेट तिने स्वतःच अंगात घातलं आणि आजीपुढे येऊन उभी राहिली. "चेक." जाईबाईने दोन्ही बाजूंनी दाबलं, पट्टे ओढले, खांद्याला धरून वर खेचून बघितलं. सरकलं नाही. "जा."

"यू कम टू."

"अगं, आजीला पाण्याची," प्रफुल्ल बोलता बोलता थांबला. त्याने आईकडे वळून विचारलं, "आई, तुला भीती वाटते ना पाण्याची?"

"कुणी सांगितलं?"

"तू बीचवर कधी येत नाहीस."

"वाळूत बसून काय करायचं? पाण्यावर चल असं कुणी म्हणालं नाही."

सत्यजित पळत जाऊन मोठ्या मापाचं एक केशरी जॅकेट घेऊन आला. तिघांनी मिळून जाईबाईला कनूत बसवलं. ती मधे बसली, पदर खोचला, आणि पहिल्या दहा हातांतच प्रफुल्लला म्हणाली, "वल्हं पाण्यात आपटू नकोस, घाल." आन्या मोठ्याने हसली.

मी धक्क्यावर पडून निथळत होते. ऊन चांगलं होतं. मित्रांनो, लोक मला विचारतात तुझा संदेश काय. संदेश कसला? तुमच्या गाडीत, गॅरेजमध्ये, होडीत ज्या बंड्या आहेत, त्यांच्यावर बसू नका, त्यांना उशाला घेऊ नका. दर उन्हाळ्याला एकदा दोन्ही हातांनी दाबा, पाण्यात घालून बघा. त्या लकी आहेत की नाहीत हे त्यांना विचारू नका, त्यांना माहीत नसतं. आणि तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याची गोष्ट पाहुण्यांना सांगण्याआधी एकदा त्याच्याकडून ऐकून घ्या. मला एवढंच सांगायचं आहे, आणि हे सांगायला मला तळाशी जाऊन यावं लागलं याचा मला राग आहे.

कनू तलावाच्या मध्यावर पोचली होती. जाईबाई पहिल्यांदाच माझ्याशिवाय पाण्यावर गेली होती. इथून मला फक्त एक केशरी ठिपका दिसत होता, पण काळजी वाटली नाही. बसण्याआधी तिने ती नवी बंडी दाबून बघितली होती. दोनदा.